साडेसहाच्या रायफलीची वाटणी

मी, बर्नडेट रोझ स्टँगलँड, माहेरची डूगन, विधवा, निवृत्त शिक्षिका, राहणार विलो ओढ्याचा रस्ता, गाव हॅडली, मोंटाना राज्य, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती तर गरजेपेक्षा जास्तच शाबूत आहे, आणि माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. सहनशक्ती मात्र संपली आहे. ती संपली म्हणूनच हे लिहिणे आहे, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

यापूर्वी वकील श्री. टटल यांनी टाइप करून दिलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात काही चूक नव्हती. पण त्यात माझ्या नवऱ्याची रायफल "इतर किरकोळ जंगम वस्तू" यांत घातली होती, गालिचे आणि इस्त्रीच्या शेजारी. ज्या वस्तूपायी माझी दोन मुले पाच वर्षे एका टेबलावर जेवलेली नाहीत, ती किरकोळ म्हणता येत नाही.

श्री. टटल यांनी असेही सांगितले की आमच्या राज्यात हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मी माझ्या मुलांना ओळखते, त्यामुळे दोन साक्षीदार बोलावले आहेत. ते समोर बसून सफरचंदाचा केक खात आहेत. एक ओपल रेन्स, जिने आमच्या गावाचे टपाल आयुष्यभर सांभाळले. दुसरा शेजारी वेंडेल क्रूग. त्याच्याबद्दल पुढे स्वतंत्र कलम येईल.

कलम पहिले. माझ्या मागे श्री. टटल यांनी हे मृत्युपत्र अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचावे. मुलगा लीफ आणि मुलगी नोरीन या दोघांना याच टेबलावर समोरासमोर बसवावे आणि वाचन संपेपर्यंत कोणीही बोलू नये. मी जिवंत असताना या दोघांपुढे मला गोळीच्या विषयावर सलग तीन वाक्ये बोलता आलेली नाहीत. मेल्यावर तरी बोलू द्यावीत.

कलम दुसरे. घर दोघांना समान. विकायचे असेल तर दोघांच्या सहीने विकावे. ठेवायचे असेल तर उत्तरेकडच्या खिडक्यांना नवी तावदाने बसवावीत, माझा नवरा हॅल्व्हर दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत राहिला. बँकेतले जे काही असेल तेही समान वाटावे. त्यातून आधी चर्चच्या तळघरातल्या चुलीला नवा पत्रा घालून द्यावा, म्हणजे माझ्या अंत्यविधीच्या जेवणात पुन्हा धूर होणार नाही.

कलम तिसरे. सिस्टर फिलोमिना यांनी मला कॉन्व्हेंटची शाळा सोडताना दिलेली जपमाळ नोरीनला. नोरीनचा देवावर विश्वास नाही. माळेला त्याने काही फरक पडत नाही, असे सिस्टरच म्हणाल्या असत्या. त्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिवण, लॅटिन आणि रागावर ताबा ठेवणे या तीन गोष्टी शिकवल्या. शिवण अजून येते.

सासूबाईंचा बटाट्याच्या पातळ पोळ्या भाजण्याचा मोठा तवा लीफला, कारण तो पोळी फाटू न देता उलटतो आणि नोरीनला तेवढा धीर नाही. हकलबेरीचा मुरंबा जेवढा शिल्लक असेल तेवढा ओपलला. बरण्या तिने परत करायच्या नाहीत, कोणाला करणार?

कलम चौथे, वेंडेल क्रूग याच्याविषयी. वेंडेलला मी काहीही ठेवत नाही, कारण जे ठेवायचे ते त्याने आधीच नेले आहे. बर्फावरून शिकार ओढून आणायची हॅल्व्हरची स्लेज त्याच्या गोठ्यात आहे. हे वाक्य लिहीत असताना तो माझ्या हाताकडे बघत आहे. "बर्नी, काय लिहितेस गं एवढं?" असे त्याने विचारले आहे आणि मी त्याला आणखी एक तुकडा वाढला आहे.

कलम पाचवे. आता रायफलीकडे येते. खरे म्हणजे हेच कलम पहिले असायला हवे होते, पण मला हात गरम करायला वेळ लागतो.

ही रायफल हॅल्व्हरच्या वडिलांनी नॉर्वेहून आणली. साडेसहा मिलिमीटरची आहे, बोल्ट नावाचा लोखंडी खटका मागे ओढून काडतूस भरायची जुनी पद्धत. तिचे काडतूस ना मोठे, ना लहान. खांद्याला धक्का मायेचा बसतो. लग्नाआधी हॅल्व्हर मला पहिल्यांदा डोंगरात घेऊन गेला तेव्हा हीच माझ्या हातात दिली होती. ब्यूट गावच्या खाणीतल्या आयरिश बापाची मुलगी, नन्सच्या हाताखाली वाढलेली, मी त्याला विचारले की गोळी कुठे घालायची. तो हसला नाही. त्याने काडतूस माझ्या तळव्यावर ठेवले आणि सांगितले की ही पितळेची पुंगळी, तिच्या पोटात दारू, बुडाला ठिणगी देणारी टोपी, आणि गोळी म्हणतात ती फक्त या पुढच्या टोकाला. "बाकी सगळा नुसता आवाज," तो म्हणाला. "जनावराला भेटते ती एवढीच. म्हणून निवडायची तीच नीट." मी त्या दिवशी काही मारले नाही. पण घरी येऊन वडिलांना सांगितले की मी, कॅथलिक घरातली, एका लुथरन पंथाच्या मुलाशी लग्न करणार आहे.

हॅल्व्हर आयुष्यभर एकाच जातीची गोळी वापरत आला. जड, बोथट नाकाची, आत शिसे आणि वरून तांब्याचे कवच. ती हळू जाते आणि लांब जात नाही. तळघरातल्या बाकावर तो स्वतः काडतुसे भरायचा, दारू तराजूत तोलून, मीठ तोलावे तशी. दुसऱ्या गोळीबद्दल कोणी बोलले की तो म्हणायचा, जनावराचा कान हललेला नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर तू अजून पोचलेला नाहीस, चालत राहा.

त्याची मुले याच बापाची. पण लीफ बिलिंग्सला जाऊन यंत्रे बनवायला लागला, आणि सुट्टीच्या दिवशी लांबच्या निशाणबाजीच्या स्पर्धांना जाऊ लागला. तिथे सगळा कारभार कागदावर. तीन गोळ्या झाडायच्या आणि तिन्ही भोके एका नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. त्यासाठी लांब, टोकदार, पातळ कवचाची गोळी लागते. लीफने आमच्या या म्हाताऱ्या रायफलीसाठी तसली गोळी शोधून काढली, दारू किती, गोळी पुंगळीत किती खोल, सगळे जुळवले आणि कुंपणाला कागद लावून तीन भोके पाडली. तिन्हींवर पाच सेंटचे नाणे बसत होते. हॅल्व्हर तो कागद घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरला. वेंडेलला दोनदा दाखवला.

आमच्या लोकांची हीच खोड. कागदावर भोके जवळ पडली की वाटते गोळी चांगली. कागदाला हाडे नसतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

नोरीन जनावरांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात दर हिवाळ्यात सोनेरी गरुड आणतात, माना टाकलेले, पंख उचलता न येणारे. शिकारी लोक आतडी रानात टाकतात, त्यात शिशाचे कण असतात, गरुड ते खातात. तिने एकदा आमच्याच फ्रीजरमधल्या खिम्याचा एक्स-रे काढून आणला. काळ्या फिल्मवर पांढरे ठिपके, चांदण्यांसारखे. लीफ म्हणाला, "आपण सगळे तेच खाऊन मोठे झालो." नोरीन म्हणाली, "दिसतंच आहे." तेव्हापासून तिचे म्हणणे एकच: अख्खी तांब्याची गोळी. तुटत नाही, फुटत नाही, मांसात काही मागे ठेवत नाही. लीफचे उत्तरही एकच: तांबे कडक, वेग कमी पडला तर ती आत पसरून उमलतच नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जनावर तसेच पळते. ही दोन वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत की रोज रात्रीच्या प्रार्थनेनंतर ती आपोआप तोंडात येतात.

वाईट हे की दोघांचेही बरोबर आहे.

मग ती शेवटची शिकार आली. लीफने हिवाळाभर बसून बापासाठी काडतुसे भरली होती, तीच नाण्याखाली झाकणारी. हॅल्व्हर आणि तो पाइनच्या दाट झाडीत होते. एल्क हरणाचा मोठा नर इतक्या जवळ उभा राहिला की त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. हॅल्व्हरने खांद्यावर नेम धरला. गोळी बसली ती हाडावरच फुटली, काच फुटावी तशी, आत गेलीच नाही. पडलेले जनावर उठून गेले. दुसऱ्या दिवशी नोरीन मिझूलाहून गाडी चालवत आली आणि तिघांनी मिळून माग काढला. बर्फावर रक्त होते. मग वरून नवा बर्फ पडायला लागला आणि माग पुसला गेला. हॅल्व्हरने सगळ्या आयुष्यात जखमी जनावर मागे सोडले नव्हते. खिडकीत त्याची मुरंब्याची एक बरणी आहे, मांसातून सापडलेली प्रत्येक गोळी त्याने तीत टाकली आहे, फुलासारखी उमललेली. त्या वर्षीची तीत नाही.

तो हिवाळा सरायच्या आत हॅल्व्हर गेला. हृदय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की त्याचा एल्कशी काही संबंध नाही. नोरीनला ते पटले नाही.

अंत्यविधीच्या जेवणाला, चर्चच्या तळघरात, त्या धुरात, सगळा गाव हातात थाळ्या घेऊन उभा असताना नोरीन भावाला म्हणाली, "तुझ्या त्या कागद फाडणाऱ्या गोळीनं बाबांचा शेवटचा एल्क रानात सडला." लीफ म्हणाला, "तुझी तांब्याची काडी असती तर पलीकडचं झाड मेलं असतं." बस्स, तेव्हापासून नोव्हेंबरच्या आभाराच्या सणाचा टर्की पक्षी मी दोनदा रांधते. एकदा गुरुवारी लीफच्या कुटुंबासाठी, एकदा रविवारी नोरीनसाठी. डिसेंबरपर्यंत मी एकटी उरलेला टर्की खात असते. मला टर्की आवडत नाही. कधीच आवडत नव्हता.

यानंतरची वाक्ये श्री. टटल यांनी सावकाश वाचावीत.

त्या दिवशी माग पुसला गेल्यावर हॅल्व्हर घरी आला आणि मागच्या दाराशी बाकावर बसला. मी खाली बसून त्याचे बूट ओढत होते, कारण त्याची बोटे गारठली होती. तो म्हणाला, "बर्नी, मला ठाऊक होतं."

मी विचारले, काय ठाऊक होते.

"ती गोळी कागदाची आहे. झाडीत न्यायची नव्हे. माझी स्वतःची जुनी दुसऱ्या खिशात होती की."

"मग ती का नाही घातलीस?"

त्याने दुसरा बूट माझ्यापुढे केला. मग म्हणाला, "पोरानं हिवाळाभर बसून माझ्यासाठी भरली होती गं. खिशातच ठेवून परत आणली असती, तर त्यानं काय समजायचं?"

एवढेच. लीफची गोळी चुकीची होती आणि हॅल्व्हरने ती चुकीची आहे हे ओळखून घातली. त्याला कोणी फसवले नाही. गोळी निवडणारा तो होता, आणि त्याने जी निवडली ती एल्कसाठी निवडली नव्हती. नोरीन, भावाला दोष देणे बंद कर. लीफ, त्या गोळीची वकिली बंद कर. तुझा बाप तुझ्या नेमावर भुलला नव्हता, तुझ्यावर भुलला होता.

हे मी दोघांना सांगायचा प्रयत्न केला नाही असे कोणी म्हणू नये. नोरीनला फोनवर सांगायला घेतले तर ती म्हणाली, "आई, तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस," आणि गरुडांवर गेली. लीफला इथे, याच टेबलावर सांगायला घेतले तर त्याने पेन्सिल काढून माझ्या रुमालावर गोळीचा वेग लिहायला सुरुवात केली. कापडी रुमाल होता.

कलम सहावे, गोळीविषयी माझे स्वतःचे मत. ते कोणी कधी विचारलेले नाही. चाळीसेक वर्षे या घरातले मांस मी कापले आहे. कोणती गोळी बाहेर काय दाखवते ते पुरुष सांगतात. आत काय करते ते मी पाहिले आहे. हॅल्व्हरच्या जुन्या गोळीने मांस फारसे नासत नव्हते, पण तिचे कण मी बोटांनी वेचले आहेत, आणि न वेचलेले दाताखाली आले आहेत. त्या गरुडांना बोटे नाहीत.

तेव्हा गोळी तांब्याची घ्यावी. वजनाला हलकी, म्हणजे तिला वेग मिळेल आणि ती उमलेल. इथवर नोरीनचे. पण ही जुनी नळी आपल्या मर्जीची आहे, प्रत्येक गोळी तिला चालत नाही. तिला कोणती दारू आणि किती मानवते हे शोधायला धीराचा आणि बारीक हात लागतो. तो फक्त लीफचा आहे. तवा त्याला दिला तो उगाच नाही. आणि चाप ओढायचा तो हॅल्व्हरच्या अंतरावरून. कान हललेला दिसला पाहिजे.

हे मी श्री. टटल यांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, मत वारशाने देता येत नाही. ते मुलांवर बंधनकारक करता येणार नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि स्वतः कोणती गोळी वापरतात ते अर्धा तास सांगितले. त्याचेही पैसे लावले असतील.

कलम सातवे. म्हणून मतावर विसंबत नाही. रायफल, म्हणजे नळी, दस्ता, चाप आणि पट्टा, लीफला. त्या रायफलीचा बोल्ट नोरीनला. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे महागडी काठी, आणि रायफलीशिवाय बोल्ट म्हणजे कागद उडू नयेत म्हणून ठेवायचे वजन. एकाने आपला हिस्सा दुसऱ्याला विकू नये, नवा बोल्ट बनवून घेऊ नये (लीफ, तुला तो बनवता येतो हे मला ठाऊक आहे). तळघरातले काडतुसे भरायचे यंत्र आणि तराजू जागेवरून हलवू नयेत. ज्याला ते वापरायचे असेल त्याने या घरी यावे.

इथवर लिहून मी ते साक्षीदारांना वाचून दाखवले, कारण वेंडेलला आता राहवेना. ओपल म्हणाली, वाटणी छान आहे, पण गोळी मात्र हॅल्व्हरचीच बरी, तिच्या नवऱ्याने दुसरी कधी वापरली नाही. वेंडेल म्हणाला, "कशाला एवढा घोळ? दुकानातली तयार डबी आणायची, झालं." ओपलने विचारले, त्या तयार डबीने त्याने गेल्या साली काय मारले. वेंडेल म्हणाला की गेल्या साली वारा होता. मग दोघेही एकदम बोलायला लागले आणि माझा केक थंड झाला. मी टेबलावर हात आपटला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यापासून हे मी पहिल्यांदा केले. दोघांनी काटे खाली ठेवले.

मग ओपल हळूच म्हणाली, "पण बर्नी, यासाठी तुला मरावं लागेल गं."

मी पेन खाली ठेवले. खरे होते. मी इथे बसून तिघांच्या हट्टाची वाटणी करते आहे आणि तिसरा माझा, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. माझी प्रकृती उत्तम आहे. माझी आई नव्वदीपर्यंत जगली. म्हणजे अजून वीस हिवाळे मी दोन टर्की रांधायचे, आणि मग मातीखालून ऐकायचे की ते एकत्र जेवले.

म्हणून कलम आठवे, शेवटचे. कलम सातवे माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. ते आज दुपारपासून लागू आहे. बोल्ट मी आत्ताच रायफलीतून काढला. तेल लावून हॅल्व्हरच्या लोकरी मोज्यात गुंडाळला, आणि ओपल तो जाताना टपालात टाकेल, नोरीनच्या नावे. सोबत या कागदातल्या पाचव्या कलमापासून शेवटपर्यंतची नक्कल, तिच्याकडे आणि लीफकडेही. त्यात कोणाला मध्ये बोलता येणार नाही. रायफल दाराशी उभी आहे, लीफने येऊन घेऊन जावी.

शिकारीचा मोसम उघडतो त्याच्या आदल्या शनिवारी तळघरातला दिवा लावलेला असेल, शेगडी पेटवलेली असेल. कुंपणाला कागद लावायचा असेल तर लावा, पण एकच. जेवायला खिम्याचे सूप आणि बटाट्याच्या पोळ्या. टेबलावर तीन थाळ्या मांडेन. टर्की नाही. या वर्षी मी टर्की एकदाच रांधणार आहे, आणि कोणत्या दिवशी ते तुम्ही दोघांनी मिळून मला कळवायचे आहे.

आणि एल्क मिळाला तर बरणीत घालायला काही सापडणार नाही कदाचित. तांब्याची गोळी आरपार जाते, डोंगरातच राहते. चालेल. बरणी भरत आली आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर सगळ्यांचे ऐकून ऐकून लिहिले आहे, आणि खाली सही करत आहे.

बर्नडेट रोझ स्टँगलँड

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. ओपल मे रेन्स, हॅडली. पार्सल मिळाले. बांधणी चांगली आहे. आजच्या गाडीने जाईल.

२. वेंडेल जे. क्रूग, विलो ओढ्याचा रस्ता. स्लेज शनिवारी आणून देतो. त्या दोघांना लागेल.

(साक्षीदार क्रमांक दोन यांनी सहीखाली गोळीबद्दल आणखी एक ओळ लिहिली होती. ती मी खोडली आहे. ब. रो. स्टँ.)

स्थळ: माझे स्वयंपाकघर, हॅडली, मोंटाना
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१४